रात्री तीनला जाग येते त्यांच्यासाठी: तुम्ही रोज नेमकं काय करता?

बांधावरची | १४ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा काढायची ही दुसरीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही रावेर तालुक्यातले. गेल्या आठवड्यात वादळ आलं, वीस मिनिटं पण नसेल झालं, पण अडीच एकरात केळीची साडेचार हजार खोडं होती त्यातली निम्म्याहून जास्त आडवी. निसवलेली बाग होती, घड भरत आलेले, अजून तीन-चार आठवड्यांत कापणी. पंचनामा झाला, विम्याला ७२ तासांच्या आत कळवलं, फोटो टाकले, आता नुसती वाट बघायची. सोसायटीचं कर्ज आहेच. मुलगा पुण्याला, नोकरी लागलीय म्हणजे पत्र आलंय, पण जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे ढकलली, तो पण फोनवर नुसता हं हं करतो.

पण रडगाणं गायला धागा नाही काढला. मला रोज रात्री तीनच्या सुमाराला जाग येते आणि मग तेच आकडे, तेच हिशोब, बेरीज कधी जुळत नाही आणि उजाडेपर्यंत थांबत पण नाही. यांचं तर बोलणंच बंद झालंय. संध्याकाळपासून ओट्यावर मोबाईल घेऊन बसायचं, केळीच्या बाजारभावाचे ग्रुप, हवामानाचे ग्रुप, एक वाजेपर्यंत. काय झालं विचारलं की "काही नाही".

भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो पॉझिटिव्ह राहा. राहायचं कसं ते कोणी सांगत नाही. तर मोठं काही सांगू नका, दहा दिवसांचं शिबीर वगैरे जमणार नाही, घरी म्हैस आहे. तुम्ही स्वतः रोज जे खरंच करता तेवढंच सांगा.

गिरणाकाठ | १४ जून, रात्री ११:४१

ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे टेन्शन आलं की शेवभाजी करतात, झणझणीत, वर तर्री. घाम येतो, नाक वाहतं, पाच मिनिटं कर्ज आठवत नाही. पुढे रात्री तीनला जाग येते ती मात्र त्या शेवभाजीमुळेच, ते तेवढं लक्षात ठेवा 😄

भुसावळचा_गार्ड | १५ जून, सकाळी ६:०५

ताई, मी रेल्वेतून रिटायर, ३४ वर्षं नोकरी, त्यातली अर्धी रात्रपाळी. झोपेचं वाटोळं काय असतं हे मला विचारा. आमच्या घरचे काही प्रॉब्लेम होते (तपशील नको) आणि मी पण तुमच्यासारखा पहाटे छताकडे बघत पडलेला असायचो.

मी एक करतो, बारा-तेरा वर्षं झाली. चिंतेची वेळ ठरवून टाकली. हसू नका. संध्याकाळी साडेसहा ते सात, लाल कापडाची ती किराण्याच्या दुकानातली वही असते तशी वही, पेन आणि चहा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे जे माझ्या हातात आहे ते, उजवीकडे जे नाही ते. डावीकडे लिहिलं की लगेच पुढे दिवस लिहायचा, "मंगळवारी बँकेत जाणे" असं. उजवीकडचं नुसतं लिहायचं, त्याच्यापुढे काही नाही लिहायचं. सातला वही बंद. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, बाबा रे तुझी वेळ साडेसहाची, गाडी तेव्हाच लागते प्लॅटफॉर्मला, आत्ता सिग्नल नाही.

पहिले आठ-दहा दिवस काही उपयोग होत नाही, हे आधीच सांगतो. नंतर विचार खरंच वेळेवर यायला लागतात.

नाना_पारोळा | १५ जून, सकाळी ९:३०

वही लिहा, श्वास घ्या, दिवा लावा. भो, श्वास मोजून केळीचा बोर्डाचा भाव वाढतो का? आम्ही कपाशीवाले. मागच्या साली भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली पण भाव काही सुटला नाही. शेतकऱ्याचं दुखणं खिशात आहे आणि लोक त्याच्या डोक्याला मलम लावून राहिले. विमा वेळेवर द्या, पंचनाम्याचे पैसे द्या, बघा कशी झोप लागते ती.

कोणाला वैयक्तिक नाही बोललो. ताईंबद्दल आदर आहे.

चोपड्याची_लेक | १५ जून, दुपारी १:१५

नाना, तुमचं म्हणणं खोटं नाही. मी समुपदेशनाचंच काम करते, सध्या नाशकात, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना खरं औषध पैसाच असतो आणि ते माझ्याकडे नसतं. पण विम्याचे पैसे यायला सहा महिने लागले तर ते सहा महिने माणूस टिकायला पाहिजे ना. फॉर्म भरायला, तलाठ्याकडे चौथी चक्कर मारायला, न भांडता भांडायला ताकद कुठून आणायची. झोप न झालेला माणूस अर्जात पण चुका करतो.

बांधावरची ताई, तीनला जाग येण्यात तुमचा मेंदू काही बिघडलेला नाहीये. पहिल्या निम्म्या रात्रीत गाढ झोप जास्त असते, नंतरची झोप पातळ असते आणि पहाटेकडे शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढायला लागतं, म्हणजे शरीर उठायची तयारी करत असतं. एरवी आपण कूस बदलून परत झोपतो, डोक्यावर भार असला की पूर्ण जाग येते. आणि त्या वेळी अंधार, सगळे झोपलेले, करण्यासारखं काहीच नाही, म्हणून तोच आकडा दुप्पट दिसतो. तीन वाजता काढलेला हिशोब खरा मानायचा नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे.

गार्ड काका जे करतात ना, त्यावर अभ्यास झालाय. थॉमस बोर्कोव्हेक म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लोकांना रोज ठराविक जागी, ठराविक वेळी अर्धा तास चिंता करायला सांगितली आणि बाकी वेळी विचार आला की पुढे ढकलायला सांगितला. चिंता कमी झाली. काकांनी ते भुसावळात स्वतःच शोधून काढलं 🙏

जाग आलीच तर घड्याळ बघू नका, मोबाईल तर नाहीच. श्वास आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा किंवा आठ मोजेपर्यंत, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, सोडणं लांबवलं की शरीराला सुचना जाते की धोका नाहीये. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, लसूण सोला. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदू अंथरुण आणि तळमळ यांची गाठ बांधून टाकतो.

आणि चहा. संध्याकाळी किती वाजता शेवटचा घेता?

बांधावरची | १५ जून, दुपारी ३:५०

साडेआठला 🙈 भेटायला लोक येतात, प्रत्येकाबरोबर अर्धा अर्धा कप.

चोपड्याची_लेक | १५ जून, दुपारी ४:०२

चहा-कॉफीतलं कॅफीन पाचेक तासांनी पण निम्मं अंगात असतं. म्हणजे रात्री दीडला शेवटच्या चहातलं निम्मं कॅफीन अंगात घेऊनच झोपलेल्या असता तुम्ही. पाहुण्यांना द्या, तुम्ही पाणी प्या.

एमपीएससी_चा_वैताग | १५ जून, रात्री १०:१५

मी पाचोऱ्याची, पुण्यात अभ्यास करते, चौथं वर्ष. परीक्षेची तारीख पुढे गेली की काय होतं ते मला माहितीय, काकू तुमच्या मुलाचं तेच चालू असणार. हं हं म्हणजे तो बरा नाहीये असं नाही, त्याला सांगायला नवीन काही नाहीये आणि ते दर वेळी सांगायची लाज वाटते. माझी आई रोज विचारायची "तारीख आली का गं", मी फोन उचलणंच बंद केलं होतं. मग तिने विचारायचं सोडलं आणि म्हशीने कशी बादली उलथवली, शेजारच्या काकूंचं कोणाशी भांडण झालं असलं सांगायला लागली. मी आपोआप बोलायला लागले. तुम्ही पण जॉइनिंगचं सोडून बाकी सगळं बोला त्याच्याशी, एक महिना करून बघा.

माझी सवय म्हणाल तर रात्री साडेनऊला फोन स्टीलच्या डब्यात, डबा रूममेटच्या कपाटात. टेलिग्रामवर रोज अफवा असतात की जाहिरात येतेय, जाहिरात रद्द होतेय, ते बघून बघून छातीत धडधडायचं. आता दिवसातून एकदाच, दुपारी जेवल्यावर, दहा मिनिटं. अफवा तेवढ्याच असतात, पण मी त्या एकदाच ऐकते.

मेहरुणची_चक्कर | १६ जून, सकाळी ७:२०

रोज चालणे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. मी मेहरुण तलावावर जातो सकाळी. उपदेश संपला.

गिरणाकाठ | १६ जून, सकाळी ८:१०

मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर असताना हा सल्ला दिला असता तर तुम्हाला तलावातच ढकललं असतं 😂 आता पाऊस पडलाय म्हणून माफ.

साक्रीवाला | १६ जून, रात्री ९:३०

माझं जरा वेगळं आहे. नोकरी सुरतला, घरात बायको-मुलांशी मराठी-हिंदी-गुजराती सगळी खिचडी, ऑफिसात हिंदी. गेल्या वर्षी आमच्या युनिटमध्ये माणसं कमी केली, माझं नाव आज येईल का उद्या अशा अवस्थेत पाच महिने काढले. तेव्हा रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायचो, फक्त अहिराणीत. "माय, काय करी राहिनी?" ती विचारायची "तू जेवना का?" बस, याच्यापुढे फार काही नाही, सात-आठ मिनिटं. नोकरीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. पण ऑफिसात दिवसभर मी जो एक ताठ माणूस होतो ना, तो त्या सात मिनिटांत सैल व्हायचा. मनात जे गोळा झालेलं असतं ते ज्या भाषेत पहिल्यांदा रडलो त्याच भाषेत विरघळतं, असं मला वाटतं बुवा. शास्त्रीय आहे की नाही ते चोपड्याच्या ताईंनी सांगावं.

(नोकरी वाचली. पण वाचली नसती तरी फोन चालू ठेवला असता.)

बांधावरची | १७ जून, रात्री ९:०५

सगळ्यांना धन्यवाद, उत्तरं दोन-दोनदा वाचली. वही आणली. चहा सहाला बंद. तीनला आजही जाग आली पण लसूण सोलला, आता घरात आठ दिवसांचा सोललेला लसूण आहे.

पण खरी गोष्ट काल झाली ती सांगायची होती. वादळात केळीच नाही, बांधावरचं आंब्याचं झाड पण झोडपून निघालं, पोतंभर कैऱ्या पडल्या होत्या. तशाच कोपऱ्यात होत्या, कोणाला मन होतंय लोणचं घालायचं. काल म्हटलं सडून जातील, निदान तेवढ्या तरी वाचवू. अडकित्ता घेऊन बसले तर कोय काही फुटेना, माझा मनगट दुखायला लागला. मी यांना काही न बोलता अडकित्ता पुढे सरकवला. मोबाईल ठेवला त्यांनी. ते फोडतायत, मी कोय काढून फोडी फडक्यावर पसरतेय, कोणी कोणाकडे बघत नाही. अर्धा तास नुसता कट् कट् आवाज. आणि मग खाली बघतच म्हणाले, "मागच्या बाजूच्या सातशे-आठशे खोडांचे पिलं चांगले आहेत, धरता येतील." (पिलं म्हणजे खोडाच्या बुडाशी फुटलेले कोंब, त्यांच्यावर पुढची बाग धरतात.) मी फक्त हं म्हटलं (मुलगा माझ्यावरच गेलाय बहुतेक). मग सगळं निघालं. सोसायटीत काय बोलले, भाच्याच्या लग्नात काय द्यायचं, रात्री वाऱ्याचा आवाज आला की उठून बसावंसं वाटतं हे पण. मला वाटत होतं मला एकटीलाच जाग येते, ते पण जागेच असतात तीनला. भिंतीकडे तोंड करून.

एका बिछान्यावर दोघं जागे आणि दोघांनाही वाटतंय दुसरा झोपलाय, काय म्हणायचं याला.

चोपड्याची_लेक | १७ जून, रात्री ९:४०

ताई, डोळ्यात पाणी आलं.

पुरुषमाणसाला समोर बसवून "बोला ना" म्हटलं की कुलूप लागतं, हे मी रोज बघते. शेजारी बसून हाताला काम असलं, नजर कामावर असली की बोलणं निघतं. आता खान्देशातल्या धाग्यावर बहिणाबाई आल्या नाहीत असं होत नाही म्हणून आणतेच, लिहिता-वाचता न येणारी बाई, तिशीत वैधव्य, आणि सगळं सांगणं निघालं ते जात्यावर आणि शेतात काम करता करता, पोराने कागदावर उतरवलं म्हणून आपल्याला मिळालं. हात गुंतलेले असले की मनावरचा पहारेकरी जरा डुलकी घेतो.

साक्रीवाले दादा, शास्त्रीय की नाही माहीत नाही पण खरं आहे, मी पण चिडले की लेवा बोलीतच चिडते.

लिहिण्याबद्दल एक राहिलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटं स्वतःच्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्याबरोबर मुलांना उलट जास्तच उदास वाटलं, फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला, दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. म्हणून वही लिहिल्यावर पहिल्या दिवशी बरं नाही वाटलं तर फेकून देऊ नका.

आणि आता एक गंभीर. हे सगळं रोजच्या ताणासाठी ठीक आहे. पण दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नाही, जेवण तुटलं, झोप तुटली, दारू वाढली, "माझ्यामागे तुमचं बरं होईल" असं बोलणं किंवा अचानक सगळे कागद-पासबुकं दाखवून ठेवणं, असं दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. "मनात मरायचे विचार येतात का" असं स्पष्ट विचारायला घाबरू नका, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. आणि फवारणीची औषधं घरात हाताशी नको. कुलपात, किल्ली शेजाऱ्याकडे. हे सगळ्याच शेतकऱ्यांच्या घरांना सांगते, ताई तुम्हालाच असं नाही.

नाना_पारोळा | १८ जून, सकाळी ५:४०

ते औषधाच्या कुलपाचं बरोबर आहे. आमच्या गावात एक जण असाच गेला, ३८ वर्षांचा होता. डबा ओट्यावरच होता. त्याच्या आदल्या दिवशी माझ्याबरोबर चहा पिला. मी त्याला म्हटलं होतं "हिंमत ठेव". आता वाटतं त्यापेक्षा विचारायला पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी मी तिखट बोललो. पिकाच्या भावाबद्दल माझं अजून तेच म्हणणं आहे, त्यात बदल नाही. पण तुम्ही विचारलं रोज काय करता, तर मी पाचला उठतो आणि गोठ्यात जातो. काम काही नसतं तेव्हा, चारा नंतर टाकतो. बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभा राहतो, तो नाकातून मोठा श्वास सोडतो, मग मी पण सोडतो. दहा मिनिटं असेल. घरचे म्हणतात म्हातारा बैलाशी काय बोलून राहिला. हे पण तुमचं ते वेलबीइंगच का?

चोपड्याची_लेक | १८ जून, सकाळी ८:१५

नाना, श्वास लांब सोडणं मी चार परिच्छेद लिहून सांगितलं, ते तुम्हाला बैलाने शिकवलं.

भुसावळचा_गार्ड | १८ जून, सकाळी ८:५०

नाना 🙏 तुमच्या मित्राचं वाचून गप्प झालो. भुसावळला कधी आलात तर घरी या.

एमपीएससी_चा_वैताग | २ जुलै, रात्री ९:१०

काकू, काय झालं पुढे? मुलाला फोन केला का?

बांधावरची | ५ जुलै, संध्याकाळी ६:१८

केला गं बाई. जॉइनिंगचं काढलंच नाही, कैऱ्यांचं सांगितलं, बाबांनी फोडल्या म्हटल्यावर विश्वासच बसेना त्याला, "बाबांनी??" मग म्हणाला फोटो पाठव. मग स्वतःच म्हणाला, आई तारीख अजून नाही आली, मी सध्या एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवतोय संध्याकाळी, तुला सांगितलं नव्हतं. बरणी पाठवतेय त्याला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर.

विम्याचं अजून काही नाही. मागच्या बाजूचे पिलं धरले, आडव्या झालेल्या खोडांची वाफ्यातच कुट्टी करायला घेतली. जाग येते अजून, पण रोज नाही, आठवड्यातून तीनदा वगैरे, आणि आली की आधी कानोसा घेते, हे पण जागे असले तर सरळ उठून ओट्यावर बसतो दोघं, मोबाईल आत. काल पाऊस लागला होता, पत्र्यावरचा आवाज ऐकत बसलो, हे म्हणाले वारं नाहीये आज.

गार्ड काका, तुमच्या वहीत आमच्याकडे भांडण झालं. मी म्हणते भाव उजवीकडे लिहायचा, हातात नाही. हे म्हणतात कापणी कधी करायची ते तर आपल्या हातात आहे, म्हणून डावीकडे. शेवटी रेघेवरच लिहिला, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

बरं, हे आतून हाक मारून राहिले, साडेसहा होत आले आणि वही सापडत नाहीये त्यांना. कैऱ्यांच्या फडक्याखाली असेल. थांबा, आले.